आधी पेन्सिल, मग पेन

बुधवार म्हणजे लसीकरणाचा दिवस. तमिळनाडूतल्या उपकेंद्रांत हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे, त्यामुळे साडेनऊ वाजायच्या आतच बाहेरच्या खोलीत पोरांनी आकांत मांडलाय. गावची नर्सम्मा लसीची पेटी मांडीशी घेऊन बसली आहे. एका हातानं बाळाची मांडी धरते, दुसऱ्या हातानं सुई देते आणि तोंडानं त्याच्या आईला रागावते: मागच्या महिन्यात कुठं होतीस? आई हसते. या आईलाही नर्सम्मानंच टोचलंय, वीसेक वर्षांपूर्वी.

मी आतल्या खोलीत बसले आहे. कुंभकोणमहून गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरचं हे उपकेंद्र. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथं माझ्याशी बोलणाऱ्यांच्या नोकऱ्या कच्च्या आहेत. रात्रभर पाऊस झालाय. अर्ध्या डांबरी रस्त्यावर वाळत घातलेलं कुरुवई हंगामातलं भात ताडपत्रीखाली झाकलेलं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातून मोटारसायकली एकमेकींना चुकवत जातायत.

मला इथं आणलंय ते आजींनी. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीच्या या आजी, तंजावरी मराठी, जुन्या अग्रहारातल्या घरात एकट्या राहतात. व्यंकोजीराजांच्या काळात इकडं आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव कुंभकोणमचेच, हे त्या येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, मला तर कॉफी हातात द्यायच्या आधीच सांगितलं. बीपीच्या गोळ्या त्यांना खरं तर घरपोच मिळतात. ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी औषधोपचार, ही योजना ५ ऑगस्ट २०२१ला कृष्णगिरी जिल्ह्यातल्या सामनपल्लीत सुरू झाली, तेव्हापासून बचत गटातली एक बाई येऊन बीपी मोजते आणि गोळ्या देऊन जाते. पण आजींना बाई घरी आलेली पुरत नाही. “तिला घाई असते गं,” त्या म्हणतात. “सिस्टरला वेळ असतो.”

सिस्टरला वेळ नाही, हे मला अर्ध्या तासात कळतं.

टेबलापलीकडे ती बसली आहे. वय तिशीच्या आत, बी.एस्सी. नर्सिंग झालेली. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, मिड लेव्हल हेल्थ प्रोव्हायडर. गावात ते कुणी उच्चारत नाही. नर्सम्मा म्हणावं तर ती बाहेर बसलेली आहे, डॉक्टर म्हणावं तर ही डॉक्टर नाही, मग सिस्टर. तमिळनाडूनं २०२१च्या अखेरीस अशा ४,८४८ जागांची भरती काढली, सगळ्या कंत्राटी, पगार १८ हजार. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २०१८पासून देशभर उपकेंद्रांचं ‘आरोग्यवर्धिनी’त रूपांतर सुरू झालं, त्यातलीच ही खुर्ची. आपल्याकडे हिलाच समुदाय आरोग्य अधिकारी म्हणतात. फरक एवढाच, की महाराष्ट्रात या खुर्चीवर बरेच बीएएमएस डॉक्टर येऊन बसले. गावाला ‘डॉक्टर’ मिळाला, प्रश्न मिटला. तमिळनाडूनं तिथं नर्स बसवली, आणि प्रश्न उघडा राहिला.

तो उघडा प्रश्न पहिल्याच बाईबरोबर खोलीत शिरतो. लावणीची मजूर, कमरेला हात लावून उभी. “ऊसि पोडुंग, सिस्टर.” इंजेक्शन द्या. सिस्टर तिला बसवते, कुठं दुखतं, किती दिवस, लघवीला जळजळ होते का, पायात मुंग्या येतात का, असं सगळं विचारते, पाठीवर बोटं दाबून बघते. मग गोळ्या काढते. सरकारी महामंडळाकडून आलेली पाकिटं, विक्रीसाठी नाही असा शिक्का असलेली. बाई गोळ्या घेते, पण चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. दारातून बाहेर पडता पडता नर्सम्माला म्हणते, संध्याकाळी कुंभकोणमला डॉक्टरकडे जाईन. नर्सम्मा मान हलवते. त्या मान हलवण्यात सहानुभूती कुणाबद्दल आहे ते समजत नाही.

आजींचं बीपी मोजून होतं. बरं आहे. आजी हिशेब मागितल्यासारखा आकडा विचारून घेतात आणि खुर्ची भिंतीकडे सरकवून माझ्या दुभाषी होतात.

मग तो माणूस येतो, ज्याच्यासाठी ही सकाळ माझ्या लक्षात राहणार आहे.

पन्नाशीचा, सडसडीत, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत दुमडलेलं. नाच्चियारकोविलच्या पितळी समयांच्या कारखान्यात काम करतो. कावेरीच्या बारीक वाळूत साचे, त्यात ओतलेलं पितळ, मग कानस आणि लेथ. तीस वर्षं हेच. गोळ्या द्यायला घरी येणारी बाई मागे लागली म्हणून आलाय. त्यानं स्वतःहून एकच तक्रार सांगितलीय, चप्पल घालायला नको वाटतं.

सिस्टर त्याचं बोट धरते. बोटाच्या टोकावर नव्हे, कडेला टोचते, कारण टोकाला दुखतं फार. रक्त येत नाही. ती दुसऱ्या कडेला टोचते. नाही. इतक्या वर्षांच्या कानशीनं त्या कातडीचं पितळच झालंय. मग ती त्याचा हात खाली सोडायला लावते, मनगटापासून बोटाकडे हलके हलके दाबत आणते, अंगठ्याच्या नखाजवळ तिसऱ्यांदा टोचते आणि एक थेंब येतो. यंत्र साखर ३१२ दाखवतं.

“अण्णा, गोळी घेता?”

“घेतो.”

“दोन्ही वेळा?”

तो छताकडे बघतो.

इथं एखादीनं गोळ्या वाढवा म्हणून चिठ्ठी करून पाठवला असता. ही त्याला पाय वर घ्यायला सांगते. तो लाजतो, बाईसमोर तळवा दाखवायचा म्हणजे काय. आजी तमिळमध्ये त्याला एक सणसणीत वाक्य ऐकवतात, त्याचा अर्थ मला सांगत नाहीत, आणि पाय वर येतो. सिस्टर ड्रॉवरमधून पेनासारखी एक दांडी काढते, तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ दोरा आहे. डोळे मिटा, लागलं की सांगा. दोरा किंचित वाकेपर्यंत ती तळव्यावर टेकवते. टाचेवर तो म्हणतो, “आमा,” म्हणजे हो. मध्यभागी, “आमा.” अंगठ्याखाली ती टेकवते आणि थांबते. तो गप्प. पुन्हा टेकवते. गप्प. करंगळीखाली, गप्प. डोळे मिटलेले, चेहरा शांत, परीक्षा अजून सुरूच व्हायची आहे असा.

अंगठ्याच्या खालच्या फुगवट्यावर मिरीएवढं एक भोक आहे, कडेला पांढरट घट्टा. भट्टीशेजारी अनवाणी उभं राहताना कधीतरी पोळलं असणार. त्याला माहीतच नाही. सिस्टर मोबाइलवर फोटो काढून त्याला दाखवते. तो फोन हातात घेऊन दुसऱ्याच कुणाचा तरी पाय बघावा तसा बघतो.

ती जखम धुते, पट्टी बांधते. हे तिच्या अधिकारात आहे. मग केसपेपर ओढते आणि पेन्सिल उचलते.

पेन्सिल माझ्या ध्यानात येते, कारण आतापर्यंत ती सगळं पेनानं लिहीत होती. ती पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिते: मेटफॉर्मिन ५०० दोनदा, त्याऐवजी १००० दोनदा. खाली: कुंभकोणम सरकारी रुग्णालय, शस्त्रक्रिया विभाग, पायाची जखम, उद्याच. मग फोन लावते. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर उचलत नाहीत. ती वैतागत नाही. “ओपीडीत शंभर माणसं असतील,” म्हणते. “मी त्यांच्या जागी असते तर मीही उचलला नसता.” टॅबवर दूरसल्ल्याचं पान उघडते. पाऊस, रेंज नाही. पडद्यावर गोल गोल फिरत राहतं.

ते फिरत असताना मी तिच्या त्या दोन ओळी बघत बसते. गोळी कोणती, किती, हे तिला माहीत आहे. महिनोन्महिने हा माणूस तिच्या नोंदीत आहे. पण औषध लिहून देण्याचा अधिकार आपल्या कायद्यात नोंदणीकृत डॉक्टरला आहे. ठरलेल्या औषधांच्या यादीतलं, ठरलेल्या रीतीनं ती देऊ शकते, डोस बदलायचा तर कुणीतरी हो म्हणायला हवं. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित लोकांना प्राथमिक पातळीवर मर्यादित औषधं देण्याचा परवाना, आणि अशांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, अशी अट. इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर संप केला; आम्ही साडेपाच वर्षं घासायची आणि यांना मागच्या दारानं प्रवेश, असा सूर होता. त्यांची सगळीच भीती खोटी म्हणता येणार नाही. गल्लोगल्ली बसलेले बोगस डॉक्टर कुणी पाहिलेले नाहीत? पण ज्या भीतीचं नाव भोंदू आहे, तिची शिक्षा समोर बसलेल्या पदवीधर नर्सला कशासाठी? आणि हा वाद नवाही नाही. भोर समितीनं १९४६ साली एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा असं ठरवलं आणि तीन-चार वर्षांत शिकून खेड्यात बसणारे लायसेन्शिएट डॉक्टर हळूहळू संपले. खेडी मात्र संपली नाहीत.

बाहेर बघावं तर आणखी गंमत. अमेरिकेत कोलोरॅडोला लोरेटा फोर्ड या परिचारिकेनं हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला तो १९६५ साली. इंग्लंडमध्ये २००६पासून पात्र नर्सला डॉक्टरांसारखीच जवळपास सगळी औषधं लिहिता येतात. आणि तमिळनाडूतच, प्रत्येक प्राथमिक केंद्रात तीन स्टाफ नर्स ठेवून चोवीस तास बाळंतपणं सुरू झाली तेव्हा मध्यरात्री अडलेल्या बाईजवळ उभी कोण राहिली? नर्सच. घरचं बाळंतपण इकडं आता जवळपास ऐकूच येत नाही, त्यात त्या रात्रींचा वाटा मोठा आहे. रात्री दोन वाजता नर्सनं मूल बाहेर काढलं तर त्यावर कुणाचा आक्षेप नसतो. दिवसा अकरा वाजता ती साखरेची गोळी वाढवू म्हणाली, की कायदा आठवतो.

पडदा जिवंत होतो. एक तरुण डॉक्टर, कुठल्या तरी शहरातल्या खोलीत, मागे हिरवी भिंत. सिस्टर भराभर सांगते. तो नीट ऐकतो, पायाचा फोटो मागतो, क्रिएटिनिन केव्हा केलं विचारतो. ती तारीख आणि आकडा सांगते. “ओके. मेटफॉर्मिन हजार दोनदा. सर्जरीकडे पाठवा, उद्याच.” मग क्षणभर फोटोकडे परत बघतो आणि एका प्रतिजैविकाचं नाव घेतो, पाच दिवस. सिस्टरच्या भुवया किंचित वर जातात. हे तिनं लिहिलेलं नव्हतं. ती मान डोलावते. पडदा बंद होतो. सगळं मिळून चार मिनिटं, वाट बघणं पस्तीस.

ती पेन उचलते आणि स्वतःच्याच पेन्सिलीच्या अक्षरांवरून गिरवते. मग खाली प्रतिजैविकाची ओळ, ती मात्र थेट शाईनं.

“ही ओळ तुला सुचली नव्हती,” मी म्हणते. आजी जरा मवाळ करून भाषांतर करतात.

“नाही सुचली,” ती म्हणते. “म्हणून तर डॉक्टर हवेत. पण रोजच्या दहा कागदांत अशी एखादी ओळ निघते. बाकीच्या नऊंसाठीही मी थांबते, आणि माझ्यापुढं बसलेला माणूस उठून जातो.”

दुपारी लसीची पेटी बंद होते. नर्सम्मा डबा घेऊन आत येते, टेबलाच्या या टोकाला बसते. सिस्टर त्या टोकाला. दोघी एकमेकींना भाजी वाढतात. सिस्टर तिला अक्का म्हणते. सगळं घरच्यासारखं आहे आणि तरीही काहीतरी अडलेलं आहे, ते नर्सम्मा माझ्याजवळ मोकळं करते, सिस्टर हात धुवायला गेल्यावर. ती या गावात आली तेव्हा इथं वीज नव्हती, एवढी जुनी. कोणत्या घरातली सून कितव्या महिन्यात आहे, कुणाचा नवरा पितो, कोण लस चुकवतं, सगळं तोंडपाठ. आणि आता जी मुलगी आली ती शिकलेली, तिला टॅब, तिला टेबल. “गाव माझं आणि टेबल तिचं,” असं आजी सांगतात, हसत. नर्सम्मा हसत नाही.

मला वाटतं, या नव्या भूमिकेची खरी अडचण इथं आहे, कलम ३२मध्ये जेवढी आहे त्याहून जास्त. वर डॉक्टर, खाली नर्सम्मा, दारोदार हिंडणारी बचत गटाची बाई, आठवड्यातून एकदा येणारा हेल्थ इन्स्पेक्टर. सगळ्यांच्या जागा भरलेल्या होत्या. मधल्या फटीत एक खुर्ची घातली आणि तिच्यासाठी कुणीच सरकलं नाही. याच राज्यानं २०१७च्या सुमारास शूळगिरी, वेप्पूर आणि विरालिमलै या तीन विकासगटांत प्रयोग केला होता: उपकेंद्रात जादा नर्स द्या, औषधं द्या, तपासणीची साधनं द्या आणि बघा. लोक आले. जिथं आधी जवळपास कुणी तपासून घ्यायला जात नव्हतं, त्या उपकेंद्रांकडे बाह्यरुग्णांचा मोठा हिस्सा वळला, खासगीकडचे हेलपाटे कमी झाले. म्हणजे गावाला नर्स चालते. तिच्याकडे काहीतरी असायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं.

सिस्टरच्या पिशवीतून एक वही डोकावते. जर्मन क्रियापदं. मी विचारायच्या आतच ती सांगते, संध्याकाळी ऑनलाइन वर्ग असतो, बरोबरीच्या तिघी करतात. परदेशी नोकरीला पाठवणारं सरकारी महामंडळही नर्सना जर्मन शिकवतं. १८ हजारांत कुंभकोणमच्या खोलीचं भाडं, स्कूटरचा हप्ता आणि धाकट्या भावाची फी बसत नाही. तिला जायचं आहे का? ती खांदे उडवते. “इथं पक्की झाले तर नाही.” आजी मध्येच मला मराठीत म्हणतात, “सांग तिला, जाऊ नको म्हणावं.” मी सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांतली पोरं बाहेर आहेत, कोणत्या तोंडानं सांगू?

फोन वाजतो. वरून, आकड्यांसाठी. आज बीपी किती, शुगर किती, टॅबमध्ये किती चढले. ती आकडे वाचून दाखवते. चढलेले कमी आहेत. का? ती म्हणते, एका रुग्णाच्या पायाला वेळ लागला. पलीकडून पाय ऐकूच गेलेला नसावा, कारण ती पुन्हा आकडाच सांगते. संध्याकाळपर्यंत पुरे करते, असं म्हणून ठेवते. त्या टॅबमध्ये पायाचा रकाना आहे, ती मला दाखवते: तपासला, हो किंवा नाही. अर्धा तास की अर्धा मिनिट, दोन्हीचं उत्तर ‘हो’.

आणि तो माणूस? तो अजून बाहेर बाकावर आहे. जायला तयार नाही, कुंभकोणमला जायलाही तयार नाही. कार्तिकै तोंडावर आलीय. कार्तिकै दीपमला तमिळनाडूत घरोघरी दिवे लागतात, म्हणजे समयांचा हंगाम हाच. मालकाची ऑर्डर आहे, कार्तिकै झाली की जातो, पाय कुठं पळून चाललाय? सिस्टर त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसते. समजावते, चढ्या आवाजात नाही. तो प्रत्येक वाक्याला मान डोलावतो आणि शेवटी पुन्हा कार्तिकै म्हणतो. नर्सम्मा हे दारातून बघत असते. ती पदर खोचते, पायरीवर जाते आणि रस्त्यावरच्या एका पोराला हाक मारून याच्या बायकोला बोलवायला पिटाळते. कुठल्या शेताच्या बांधावर ती आज रोजगार हमीच्या कामाला आहे, हे नर्सम्माला माहीत आहे.

बायको येते, पायाला चिखल, हातात पाटी तशीच. सिस्टर तिला फोनवरचा फोटो दाखवते, दोऱ्याची परीक्षा पुन्हा करून दाखवते. बायको स्वतः दोरा हातात घेते, नवऱ्याच्या अंगठ्याखाली दाबते. तो गप्प. ती जोरात दाबते. तो गप्पच. तिचा चेहरा बदलतो.

“बोट कापतील?”

“ते मोठे डॉक्टर सांगतील.”

“ते उद्या सांगतील. तू सांग.”

सिस्टर नर्सम्माकडे बघते. नर्सम्मा काही बोलत नाही, पण नजरही वळवत नाही.

“उद्या गेलात तर वाचेल, असं मला वाटतं,” सिस्टर म्हणते. “कार्तिकैनंतर गेलात तर मी सांगू शकत नाही.”

बायको चिठ्ठी घेते, चार घड्या घालून कमरेला खोचते आणि नवऱ्याला सांगते, सकाळी सहाची बस. तो मालकाचं नाव काढतो. मालकाकडे ती आत्ता जातेय, आणि काय बोलायचं ते तिचं तिला माहीत आहे, तो गप्प बसला तरी चालेल. मग पाटी उचलता उचलता ती सिस्टरला विचारते, त्या मोठ्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, आणि तिथं कुणी ओरडलं तर तुझा नंबर द्यायचा का?

“द्या,” सिस्टर म्हणते, आणि नंबर सांगायला लागते.